पाझर तलावातला भारत

हिवरवाडी, पो. युसूफ वडगाव
१८ नोव्हेंबर १९८६

प्रिय शहादेव,

जयभीम. एवढ्या वर्षांनी पत्र आलंय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. काम आहेच.

आमच्या दूध संस्थेत आता दूध सोडून सगळं आहे. वजनकाटा आहे, फॅट तपासायचं यंत्र आहे, सचिव म्हणून मी आहे. पाऊस झाला नाही, कडबा संपला, लोकांनी जनावरांना बाजार दाखवला. दूध संघाची गाडी अजून येते, पण ती नुसती सवयीनं. ड्रायव्हर चहा पिऊन जातो. मी खुर्चीत बसून रिकाम्या कॅनकडे बघतो, कॅन माझ्याकडे बघतात.

त्यात आमच्या शाळेच्या भूगोलाच्या सरांना टंचाईच्या कामावर नेलं. ते आता गावोगावच्या विहिरी बघत फिरतात आणि दहावीला भूगोल शिकवायला कुणी नाही. हेडमास्तर माणिकराव संस्थेत येऊन म्हणाले, "कल्याणराव, तुमी भूगोलात बी.ए. हात. पोरांची उजळणी तेवढी घ्या."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमचे चेअरमन अर्जुनराव बोलले, "घेतेत की. न्हाईतरी दिवसभर काय करतेत?" मी दिवसभर काय करतो हा विषय चेअरमनसमोर वाढायला नको, म्हणून मी हो म्हणालो.

मी भूगोल का घेतला होता हे जगात फक्त तुला ठाऊक आहे. अंबाजोगाईच्या कॉलेजात त्या एकाच वर्गातला पंखा फिरत होता. तू शिकलास, मी वारा खाल्ला. आता पोरांना काय वारा घालू? माझी शिवगंगा यंदा दहावीलाच आहे, म्हणजे माझी अब्रू घरातच जाणार. चेअरमनची साखराही त्याच वर्गात आहे. तिच्या बापानं सांगून ठेवलंय, पास झाली तर पुढं शिकवू, नापास झाली तर लग्न. पोरगी हुशार आहे, पण भूगोलाला घाबरते. मीही घाबरतो, एवढंच आमच्यात साम्य.

तू तिकडे कोकणात इतकी वर्षं दहावीला शिकवतोस. उजळणी कशी घ्यायची ते लिहून पाठव. सोपं लिही. पोरांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

तुझा
कल्याण


देवरूख, २७ नोव्हेंबर १९८६

कल्याण, शरणार्थ.

तू आमचा जयभीम घालतोस, मी तुमचा शरणार्थ, कॉलेजपासूनचं तेच. तुला मास्तर केलं हे वाचून शिक्षण खात्याची काळजी वाटली. पण पत्र बरं लिहिलंयस.

सोबत नद्या, माती, पिकं, हवामान असे सगळे धडे लिहून पाठवतोय. एवढं लिहायला वेळ कुठून मिळाला असं विचारू नकोस, हल्ली मिळतो. एकच गोष्ट लक्षात ठेव. पोरांना 'कुठं' एवढंच विचारू नकोस, 'का' तेही विचार. कापूस कुठं पिकतो हे पाठ करता येतं, पण तिथंच का पिकतो हे कळलं की पाठ करावं लागत नाही. तुमच्याकडची पोरं काळ्या मातीत वाढलीत. भेगांमध्ये पाय अडकून पडलेली आहेत. ती माती पुस्तकात आहे हे त्यांना फक्त सांगायचं.

नकाशा रोज भरून घे. नकाशाचे गुण हातचे असतात.

तुझा
शहादेव


हिवरवाडी, २० डिसेंबर १९८६

प्रिय शहादेव, जयभीम.

तुझ्या पाकिटाची जाडी बघून पोस्टमननं विचारलं, "कोर्टाचं काय हाय का?" मी म्हणालो, भूगोल आहे. तो म्हणाला, मग अवघडच हाय.

तुझी ही एवढी बडबड वर्गातली पोरं ऐकून घेतात का रे? मला तर वाचता वाचता दोनदा डुलकी लागली. पण काम झालं. वर्ग संस्थेतच भरवतो. पोरं पोत्यांवर बसतात, मी सचिवाच्या खुर्चीत. म्हाळू म्हणून एक उंच पोरगा आहे, तो 'का' विचारायच्या आधीच "देवाची करणी" म्हणून मोकळा होतो.

रोज भारत काढायचा म्हणजे माझ्या हातून कधी वांगं होतं, कधी पतंग. म्हणून मी जाड पुठ्ठ्यातून भारताचा आकार कापून घेतला. फळ्यावर ठेवायचा, भोवती खडू फिरवायचा, झालं. पोरंही तोच वहीत गिरवतात. बी.ए. झाल्यापासून भूगोलात मी केलेलं हे पहिलं काम. उमाबाईनंसुद्धा चांगलं म्हटलं, आणि ती नवऱ्याला सहसा चांगलं म्हणत नाही.

कल्याण


देवरूख, २९ डिसेंबर १९८६

कल्याण, शरणार्थ.

बडबडीचं म्हणशील, तर माझ्या वर्गात हल्ली फार शांतता असते.

पुठ्ठ्याची युक्ती चांगली आहे. फक्त एका बाजूला 'वर' असं लिहून ठेव. तो उलटा पडला तर देश उलटा होईल.

शहादेव


हिवरवाडी, २४ जानेवारी १९८७

शहादेव, जयभीम.

तुझी ती 'वर' लिहायची सूचना मी उमाबाईला वाचून दाखवली आणि म्हणालो, हा मास्तर मला दूधखुळा समजतो. आता पुढचं ऐक.

पूर्वपरीक्षा झाली. माणिकरावांनी मला शाळेत बोलावलं आणि एक उत्तरपत्रिका पुढं ठेवली. "कल्याणराव, मुंबई कुठं हाय?"

"समुद्राकाठी," मी म्हणालो.

"कोनत्या?"

मी वाकून बघितलं. मुंबई बंगालच्या उपसागरावर होती. कलकत्ता गुजरातेत. नर्मदा पूर्वेला वाहत होती आणि ब्रह्मपुत्रा कच्छात शिरली होती. दुसरी उत्तरपत्रिका बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांचं एकमत होतं. शाळेच्या इतिहासात पोरांचं भूगोलावर एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

मी पहिल्याच दिवशी पुठ्ठा उलटा, मागची बाजू पुढं करून धरला होता, शहादेव. मग त्याच्याकडे बघून बघून मलाही तोच भारत खरा वाटायला लागला. परीक्षेत छापील नकाशा सुलटा आला, आणि पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवून मुंबई उजवीकडं टाकली.

घरी येऊन शिवगंगेला विचारलं, तुझ्या नकाशाचं काय. तिचा बरोबर होता.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हतं."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"सगळ्यांसमोर तुमची मान खाली गेली असती," ती म्हणाली. "मी वही उजेडाला धरून मागच्या बाजूनं बघत व्हते."

मी जेवलो आणि तिची वही उजेडाला धरून बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी चेअरमन संस्थेत आले. बसले नाहीत. "साखराला आता घरचं काम हाय, ती येनार न्हाई," एवढंच बोलून गेले. आता ती दिवसातून तीन खेपा पाण्याला जाते. वाटेत मी दिसलो की नजर चुकवते, म्हणजे चूक माझी आणि ओशाळी ती. जन्मभर मी दुधात पाणी घालणारे पकडले, आणि पोरांच्या डोक्यात माझ्याच हातानं घातलं. परीक्षा तोंडावर आहे. काय करू सांग.

कल्याण


देवरूख, ३१ जानेवारी १९८७

कल्याण, शरणार्थ.

पत्र वाचून इतका हसलो की ठसका लागला आणि जाईबाई पाणी घेऊन धावत आली. मग शिवगंगेचं वाचलं आणि हसू थांबलं. पोरीला जप.

आता नकाशा कागदावर ठेवूच नकोस. मोकळी जागा बघून जमिनीवर काढ, एखाद्या शेताएवढा. उत्तर दिशा तिकडंच ठेव, जिकडं खरी उत्तर आहे. सूर्य आसामातून उगवेल आणि गुजरातेत मावळेल. ते उलटं करणं तुझ्याही हातात नाही.

पोरांना त्यात उभं कर. तू गावाचं किंवा नदीचं नाव पाटीवर लिहून वर धर, ज्याची पाळी असेल त्यानं जाऊन तिथं थांबायचं. चुकला तर बाकीच्यांनी हातानं दाखवायचं. तू बोलू नकोस. तुझ्या बोलण्यानं जे व्हायचं ते झालंय. आणि न बोलताही बरंच शिकवता येत असावं, असं मला वाटायला लागलंय. करून बघ आणि मला सगळं कळव. सगळं.

शहादेव


हिवरवाडी, १४ फेब्रुवारी १९८७

प्रिय शहादेव, जयभीम.

गावात मोकळ्या जागेला सध्या तोटा नाही. पाझर तलाव पार आटलाय. त्याच्या तळात आम्ही राखेनं आणि दगडांनी भारत काढला. ह्या वेळी मी हात लावला नाही, शिवगंगेनं उभं राहून काढून घेतला.

तलावात एका कोपऱ्यात झिरा खणलाय, गाव त्याच्यावरच पाणी भरतं. तो नेमका राजस्थानात आला. त्यामुळं सबंध भारतात पाणी फक्त जैसलमेरला आहे आणि चेरापुंजीला धुरळा उडतो. काश्मीरवर बाभळीची सावली पडते, म्हणून पाटीवर काहीही लिहिलं तरी म्हाळू आधी काश्मीरकडं निघतो. भिवराबाई घागर घेऊन रोज जैसलमेरहून निघते ती आंध्रातून बाहेर पडते. काल म्हणाली, "मला बी कुठं थांबायचं आसंल तर सांगा, न्हाईतर डोक्यावर वझं हाय."

आणि साखरा. पाण्याची वाट भारतातूनच जाते. पहिल्या दिवशी ती कडेनं गेली. दुसऱ्या दिवशी जाता जाता म्हाळूला खुणेनं सांगितलं, तू कानपूर नव्हे, नागपूर हायस. तिसऱ्या दिवशी घागर खाली ठेवून स्वतःच उभी राहिली. मी पाटी वर धरत होतो, ती जात होती. बापाची आज्ञा मोडत नव्हती, पाण्यालाच तर आली होती.

मग काल चेअरमन स्वतः बांधावर आले. पोरीला पाण्याला इतका येळ कावून लागतो, ते बघायला. साखरा विशाखापट्टणमला उभी. सगळी पोरं जागच्या जागी थिजली. अर्जुनराव खाली उतरून सरळ चालत आले आणि नकाशात थांबले. तोंडातून निघालं, "चेअरमनसाहेब, तुमी आत्ता दिल्लीत उभे हात."

त्यांनी पायाखाली बघितलं. "ही दिल्ली?"

"हो."

त्यांनी टोपी नीट केली. जिल्ह्याच्या पुढं त्यांना कुणी तिकीट दिलेलं नाही. मग साखराला म्हणाले, "मुंबई कुठं हाय?" ती चालत गेली आणि मुंबईत उभी राहिली.

"ह्या टायमाला बराबर हाय का?" हे मला.

"बरोबर हाय. सूर्य तिकडंच बुडतो."

त्यांनी मावळतीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. जाताना घागर स्वतः उचलली. चेअरमननं गावातून घागर नेली, ह्याची चर्चा अजून चालू आहे.

आता शेवटची उजळणी तू घे. खरे मास्तर येणार असं मी पोरांना सांगून बसलोय. उमाबाईनं तुझ्यासाठी धपाट्यांचं पीठ वेगळं काढून ठेवलंय. ये.

कल्याण


देवरूख, २० फेब्रुवारी १९८७

कल्याण, शरणार्थ.

नकाशाचं वाचून बरं वाटलं. येणं जमणार नाही. शाळेत कामं आहेत. मुलांना शुभेच्छा सांग.

शहादेव


हिवरवाडी, २५ फेब्रुवारी १९८७

शहादेव,

कार्ड मिळालं. कोकणात माणूस ओला होतो असं ऐकलं होतं, तू तर कोरडा झालास. भूगोल लिहायला तुला ढीगभर कागद मिळतात आणि दोस्ताला चार ओळी. दुष्काळी गावात पाय ठेवायला कमीपणा वाटत असेल तर तसं लिही बे, शाळेच्या कामाचं निमित्त कशाला? पोरांना सांगतो की मास्तर मोठे झाले.

कल्याण


देवरूख, ३ मार्च १९८७

कल्याणभाऊजींना जाईबाईचा जयभीम.

तुमचं कार्ड यांनी वाचलं आणि खिशात घालून बाहेर गेले. मी लिहितेय हे त्यांना ठाऊक न्हाई.

गणपतीच्या आधी यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन केलं. गाठ साधी होती, जिवाला काही न्हाई. पण आवाज बसला तो बसलाच. निस्ता वारा आल्यासारखा येतो. डॉक्टर म्हणाले, हाय तेवढा वापरा, भ्यायचं काम न्हाई. हे वर्गात गेले तर पोरं हसली. त्यांना काय ठाऊक? पण दुसऱ्या दिवशी यांनी हेडमास्तरांकडून लायब्ररी मागून घेतली. तवापासून पुस्तकांना नंबर चिकटवतात. घरात बी पाटीवर लिहून दाखवायला लागले. मी म्हणलं, मला भाकरी थापायच्या का तुमची पाटी वाचायची?

तुमचं पहिलं पत्र आलं आणि हे परत टेबलाशी बसायला लागले. तुमच्या तळ्यातल्या नकाशाचं पत्र तर मला दोनदा वाचून दाखवलं, बसल्या आवाजात. इतकं मोठं वाचन त्यांनी ऑपरेशनपासून केलं नव्हतं. त्यांना कमीपणा वाटतो, पण तुमच्या गावाचा न्हाई, स्वतःचा वाटतो.

मी चकलांब्याची हाय. दुष्काळ मला शिकवू नका आणि यांच्यावर रागावू नका. बोलवायचं तर परत बोलवा.

तुमची वहिनी
जाईबाई


हिवरवाडी, ८ मार्च १९८७

शहादेव,

वहिनींनी लिहिलं ते बरं केलं. त्यांना काही बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल, माझ्याकडं जागा आहे.

तुझी बडबड पोरं ऐकतात का, असं मी विचारलं होतं. ते आठवलं की वाटतं, पुठ्ठा उलटा धरला ती माझी त्यातल्या त्यात बरी चूक होती. उमाबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या हातात पेन दिलं कुनी?"

दया म्हणून बोलवत नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि पोरं आता बारीक बारीक विचारतात. मला सगळ्यांना 'पुढच्या वेळी सांगतो' म्हणावं लागतं, आणि पुढची वेळ उरलेली नाही. तू गप्प बसायलाच ये. बोलायला मी इथं आहे, आणि माझ्या बोलण्याचा गुण तुला ठाऊक आहे.

कल्याण


हिवरवाडी, १७ मार्च १९८७

प्रिय जाई,

पोचलो. तू पत्र लिहिलंस म्हणून एसटीत बार्शीपर्यंत तुझ्यावर रागावलो होतो. पुढं रस्ता खराब होता, राग राहिला नाही.

कल्याण स्टँडवर आला होता. मला बघून बोलायला लागला आणि घर येईपर्यंत थांबला नाही. माझ्यावर बोलायची वेळ येऊ नये म्हणून बोलत होता, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. उमाबाईंनी पानावर धपाटी वाढत नेली. पुरे म्हणायला आवाज लागतो, म्हणून मी खातच गेलो.

सकाळी तळ्यात गेलो. कल्याणनं पोरांना काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, कुणीच बोलेना. तोही गप्प. त्याला गप्प बसलेला मी कॉलेजपासून आज पहिल्यांदा बघितला. मी काठी घेऊन हिंडलो, पाटीवर लिहिलं, पोरं पळाली, थांबली, चुकली, सुधारली. साखराला मी 'तुमच्याकडं पाऊस कमी का' असं लिहून दाखवलं, तर तिनं वाकून मातीत ढग काढला, डोंगर काढला आणि डोंगराच्या अलीकडंच पाऊस पाडला. पलीकडं एक झोपडी काढली आणि 'आमी' असं लिहिलं. त्यात काही सुधारायचं नव्हतं.

मग पाटीवर मुंबई आली. पाळी म्हाळूची. तो उंच पोरगा मान खाली घालून तरातरा बंगालच्या उपसागराकडं निघाला, जुन्या सवयीनं. मी काठी हलवली, त्यानं बघितलं नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "आरं तिकडं न्हाई."

जसा निघतो तसाच निघाला, फाटका. तो थांबला, मागं वळला, "हां सर," म्हणाला आणि पश्चिमेला पळाला. दुसऱ्या पोरानं पुढची पाटी मागितली. बस. कुणी हसलं नाही. मी बाभळीखाली जाऊन थोडा वेळ बसलो. कल्याण जवळ येऊन बसला.

पेपर होईपर्यंत राहीन म्हणतो.

शहादेव


हिवरवाडी, २० जून १९८७

प्रिय शहादेव, जयभीम.

निकाल लागला. भूगोलात सगळे पास. मुंबई सगळ्यांनी मुंबईतच ठेवली, असं माणिकरावांनी मला दोनदा सांगितलं. म्हाळू इंग्रजीत गेला. तो म्हणतो, इंग्रजीचा नकाशा नसतो. ऑक्टोबरला बसणार आहे. शिवगंगेला चांगले गुण पडलेत, मी तिला शिकवलं नसतं तर आणखी पडले असते.

साखरा पास झाली. चेअरमननी पेढे वाटले. दूध संस्थेच्या चेअरमननी पेढे केजहून विकत आणले, ह्यावर गाव हसलं, पण खाल्ले सगळ्यांनी. ती अकरावीला अंबाजोगाईला जाणार आहे. लग्नाचा विषय अर्जुनरावांनी काढला नाही आणि मी त्यांना आठवण करून दिली नाही.

आमचे भूगोलाचे सर शाळेत परत आलेत. मी परत कॅनकडे बघायला मोकळा. माणिकराव परवा विचारत होते, इतिहासाचं काय जमंल का. मी संस्थेचं दार आतून लावून घेतलं. पाऊस अजून नाही, पण दोघांनी म्हशी परत आणल्यात, आणि काल फॅटचं यंत्र पुसायला काढलं.

तुझं काय चाललंय ते लिही. लायब्ररीतल्या पुस्तकांना नंबर लावून संपले का?

कल्याण


देवरूख, ३० जून १९८७

कल्याण, शरणार्थ.

नंबर संपले नव्हते. मीच संपवले. शाळा उघडली त्या दिवशी हेडमास्तरांकडं जाऊन दहावीचा भूगोल परत मागितला. ते म्हणाले, झेपेल का? मी म्हणालो, नाही झेपला तर बीड जिल्ह्यात दूध संस्थेत माझी ओळख आहे.

काल पहिला तास झाला. रात्रभर झोप नव्हती, हे तुला सांगायला हरकत नाही. वर्गात गेलो आणि इथला पाऊस पत्र्यावर असा कोसळायला लागला की माझा काय, तुझासुद्धा आवाज ऐकू आला नसता. मी म्हणालो, नैऋत्य मोसमी वारे. कुणाला कळलं नाही. परत म्हणालो. दोघं-तिघं हसले, आणि माझे पाय दाराकडं निघायला लागले.

तेवढ्यात मागच्या एका मुलीनं तिचं बाक ओढलं. सरळ पुढं आणून टेबलाला लावलं आणि वही उघडून बसली. मग दुसऱ्यानं ओढलं. मग सगळ्यांनी. हसले होते तेही बाकं ओढत आले. सबंध वर्ग माझ्या टेबलाभोवती गोळा झाला, हनुवट्या पुढं काढून. मी शिकवायला लागलो.

बाकांचा आवाज ऐकून खालून शिपाई धावत आला. दारातून ओरडला, कसला गोंधळ चाललाय? मी त्याला सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही.

पोरांनीच सांगितलं, भूगोल आहे.

तुझा
शहादेव